दाणी मास्तरांच्या बुटांची लव

आमच्या बेलापूरच्या शाळेत कुणाचं खोडरबर हरवलं की मी पोरांचे खिसे तपासत नसे. सरळ चित्रकलेच्या दाणी मास्तरांकडे जायचो. मास्तर व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले असायचे, डाव्या हातात तपकिरी बूट, उजव्या हातात खोडरबर. चुकलेली रेघ पुसावी तसा बुटावरचा डाग पुसत.

बूट स्वेडचे. म्हणजे उलट्या कातड्याचे, वर मखमलीसारखी बारीक लव. गावात दुसऱ्या कुणाकडे असले बूट नव्हते, आणि देवा, येऊही नयेत. एकाच जोडानं मला पुरतं दमवलं होतं. आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. संध्याकाळी वह्या तपासून मी अर्धमेला होऊन पडावं, तर दारात मास्तर.

"पाठक, बघा हो जरा, लव बसली का?"

"नाही बसली."

"न बघताच सांगताय."

मग उठून बघायचं. टाचेपाशी लव पार झडली होती, पण ते सांगायची माझी छाती नव्हती.

दात घासायच्या जुन्या ब्रशानं एकाच दिशेनं घासायचं, मग खोडरबर, मग वाफ. ते दुष्काळाचे दिवस. टँकरपाशी तास तास उभं राहून मी कळशी आणावी आणि मास्तरांनी त्यातलं भांडंभर पाणी उकळून त्यावर बूट धरावा! "वाफेनं लव उठते. आणि पाणी कुठं वाया जातंय?" खरंच जात नसे. त्याच पाण्यात पत्ती टाकून ते मला चहा पाजत. दोन उन्हाळे मी तो चहा मुकाट्यानं प्यालो.

एकदा वैतागून म्हटलं, "मास्तर, सरळ चपला का वापरत नाही?"

"चोरीला गेली. एकच. डावी. चोर लंगडा असणार!"

ही चोरी मी गावात येण्याआधीची. पण मास्तर महिन्यातून दोनदा तरी तिची आठवण काढत आणि दर वेळी एकटेच हसत.

बायको गेल्यावर त्यांनी एकट्यानं वाढवलेली लेक, शैला, श्रीरामपुरात असते, एवढंच मला माहीत होतं. श्रीरामपूर ते काय, एस.टी.त बसायचा अवकाश. पण मास्तर कधी गेले नाहीत. विषय काढला की ब्रश नुसता जोरात चाले.

एका शनिवारी मास्तर बूट बाहेर ठेवून वर्गात गेले आणि शाळेच्या शिपायाला, गेनूला, त्यांची दया आली. त्यानं हेडमास्तरांच्या डबीतलं काळं पॉलिश दोन्ही बुटांना चांगलं चोपडलं.

"लई दिस बघत हुतो, मास्तर," तो खुशीत म्हणाला. "पार रया गेल्ती बुटाची. आता कसं, तोंड दिसंल त्यात!"

मास्तर ओरडले नाहीत. खोडरबर घेऊन बसले. काळं आणखीच पसरलं. मग ते बूट पोटाशी धरून रडायलाच लागले. भर शाळेत. गेनू बिचारा कान धरून उभा.

"अहो, बूटच ते. नवे घ्या," मी म्हणालो. माझं मेलं तोंडच वाईट.

"जावयानं दिलेत," मास्तर म्हणाले. "बुटांच्या दुकानात कामाला आहे तो. लोकांच्या पायाशी बसणारा जावई नको, म्हणालो होतो मी. शैला तरी गेली. लग्नाला गेलो नाही. जावयाचा पहिला दिवाळसण सासऱ्यानं करायचा ना? मी बोलावलंच नाही. तर त्यानंच हे पाठवले. चिठ्ठी नाही, काही नाही. माप मात्र बरोब्बर. हे बूट टिकलेत तोवर आपलं माणूस टिकलंय असं वाटायचं हो, पाठक."

मी खेकसलो, "उठा! बूट दुरुस्त करणारा घरातच आहे तुमच्या. अकरावीच्या वह्या पडल्यात माझ्या, उशीर नको."

मास्तर अनवाणीच निघाले. बूट वर्तमानपत्रात गुंडाळलेले. श्रीरामपूरच्या दुकानात जावई एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होता. आम्हाला बघून तो उठला, पुडकं उघडून बूट पाहिले, झडलेल्या टाचेवरून बोट फिरवलं.

"रोज घालत होता, मामा?"

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"काळं पुरतं निघायचं नाही. पण लव उठवू थोडी." मग त्यानं स्वतःच्या चपला काढून मास्तरांपुढं ठेवल्या. "या घाला, ऊन लागतंय. घर मागंच आहे."

घराच्या दाराशी चपला ओळीनं लावलेल्या होत्या. शेवटची एकटीच. जुनी, डावी, तेल लावून मऊ ठेवलेली.

"निघताना पिशवीत घालून आणली होती तिनं," जावई हळूच म्हणाला. "बुटांचं माप त्यावरूनच घेतलं. नंतर परत पाठवू म्हटलं, तर देईचना. दर रविवारी तेल लावत बसते."

आतून भाकरीच्या पिठाच्या हातांनी शैला धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

मास्तर तिच्याकडं बघत राहिले.

"पाठक," ते म्हणाले, "चोर सापडला हो माझा."