हिंदुरावतात्यांचा पंचेचाळिसावा दिवस

हिंदुरावतात्यांना कधी तारीख विचारू नका. विचारलीत तर ते मिशीवरनं हात फिरवतील आणि म्हणतील, "आज एकोणतिसावा." द्राक्षबागेची छाटणी झाली की त्या दिवसापासून तात्यांचं साल सुरू होतं. आता आमच्या तासगाव भागात बागेचे दिवस सगळेच मोजतात. फवारा कधी मारायचा, पाणी कधी तोडायचं, सगळं त्यावरच ठरतं. पण बाकीची माणसं ते दिवस बागेत ठेवून घरी येतात. तात्या ते लग्नाकार्यात, दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडं घेऊन हिंडतात.

मुलाचं नाव शाळेत घालताना हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली. तात्या म्हणाले, "मण्यात पाणी उतरलं तवा झाला." हेडमास्तर कोरेगावकडचे, घेवड्याच्या मुलखातले. पाणी उतरतं ते जानेवारीत, हे त्यांना काय कळणार! त्यांनी आपली एक जून ठोकून दिली. तो विजय आता फौजेत आहे, लांब सरहद्दीवर, आणि सरकारदरबारी त्याचा वाढदिवस अजून एक जूनलाच असतो.

माझं तासगावात शेतीऔषधांचं दुकान आहे. तात्या पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कसलं, रोजचा ताप! सकाळी दहाला येणार, माझ्या खुर्चीत बसणार, माझाच चहा पिणार आणि समोरच्या माणसाला सांगणार, "ह्याच्याकडं नगं घिऊ रं, लय महाग लावतो." मी चिडलो की वर मलाच विचारणार, "खोटं हाय व्हय, बाळू?"

तात्यांचा एक नेम होता. दसऱ्याचं सोनं लुटायचं आणि दुसऱ्या दिवशी बागेला कात्री लावायची. पाऊस असो, वारा असो, त्यात बदल नाही. तिथून पंचेचाळिसाव्या दिवशी पहिली डीप, पुढं दहा-बारा दिवसांनी दुसरी. म्हणजे मणी फुगायचं औषध मगात घ्यायचं आणि बागेतला एकूण एक घड हातानं त्यात बुडवायचा. तो दिवस चुकला की वर्ष हातचं गेलं. सख्ख्या पुतणीचं लग्न त्या दिवशी आलं, तर तात्या अक्षता टाकायलासुद्धा गेले नाहीत. "पोरगी लगीन झाल्यावर बी भेटंल," म्हणाले, "मणी थांबत न्हाई."

विजयचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या वडिलांनी सुपारी फोडताना विचारलं होतं, "पोरीला पुढं शिकायचंय, शिकू द्याल न्हवं?" "देऊ की!" म्हणाले तात्या. असं सगळेच म्हणतात. बैठकीत नाही म्हणणारा सासरा मी तरी अजून पाहिलेला नाही.

सून आली ती प्रियांका. कराडला शेतीची पदवी घेतलेली, हुशार, बोलायला कमी. तात्यांची बायको आधीच गेलेली, मुलगा फौजेत, त्यामुळं घरात ही दोघंच. महिन्याभरात तिनं डीपचं औषध कालवायचं काम हातात घेतलं. ते काम फार नाजूक. चिमूटभर इकडंतिकडं झालं तरी घड वाया जातो. तात्यांनी पंचवीस वर्षांत माझ्यावर विश्वास टाकला नव्हता, तो तिच्यावर एका हंगामात टाकला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

या पोरीला एमबीए करायचं होतं. मी एकदा विचारलं, कशाला गं? म्हणाली, "काका, द्राक्षं आपण पिकवतो आणि भाव दुसराच कुणीतरी ठरवतो. तो कसा ठरवतो ते मला शिकायचंय." तिला पाहिजे होती ती प्रवेशपरीक्षा वर्षातनं एकदाच, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. तिनं फॉर्म भरला, तारीख सासऱ्याला सांगितली. तात्या म्हणाले, "जा की, खुशाल जा!"

आणि गेली नाही. "पोटात दुखत होतं," असं म्हणाली. तात्यांनी तिला ओवा खायला घातला आणि "पुढच्या वर्षी दे," म्हणून मोकळे झाले.

पुढच्या वर्षीच्या आषाढात तात्या एक कागद घेऊन दुकानात आले. "प्रियांकाच्या औषधाच्या वहीत घावला. इंग्रजी हाय. कसलं बिल हाय बघ जरा."

बिल नव्हतं ते. तिचं परीक्षेचं हॉलतिकीट होतं. मी वाचून दाखवलं, केंद्र सांगली, वेळ सकाळची, तारीख अमुक. तात्यांनी विचारलं, "त्या दिवशी बागंचा कितवा हुता?"

मी जुनं बिलबुक काढलं. डीपचं औषध दोन दिवस आधी नेलेलं. दसऱ्यापासून दिवस मोजले आणि सांगितलं, "पंचेचाळिसावा, तात्या."

त्या रविवारी काय झालं असेल ते आता दोघांनाही दिसलं. बायकांची टोळी सकाळी बागेत उभी होती, औषध कालवायला दुसरं कुणी नव्हतं आणि सासरा मोठ्यानं "आज पंचेचाळिसावा!" म्हणत बांधावरनं फिरत होता. त्या पोरीनं हॉलतिकीट वहीत घातलं आणि बादल्या भरल्या. तात्यांना नोव्हेंबरचा रविवार कळलाच नव्हता. त्यांच्या लेखी असला वार नव्हताच. त्यांनी हॉलतिकिटाची घडी घातली. मग म्हणाले, "आन् मी तिला ओवा दिला रं, बाळू."

मग एकदम उठले. "कॅलिंडर दे."

मी दर वर्षी फुकट कॅलेंडर वाटतो. तात्या ते नेतात आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर फवाऱ्याचे हिशेब लिहितात. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कॅलेंडर सुलट धरलं. बोटं मोजली, परत मोजली. "दसऱ्याला कात्री लावली तर यंदा बी परीक्षा डिपंतच घावती. गणपती उठलं की दुसऱ्या दिवशी छाटायचं. दोन्ही डिपा परीक्षेच्या आत उरकत्यात. पुढं दोन हप्ते पोरीला मोकळं."

"तात्या, डोकं फिरलंय का?" मी ओरडलोच. "महिनाभर आधी? भाद्रपदातला पाऊस डोक्यावर असतोय. कवळ्या फुटीवर दावण्या रोग आला तर पानं पांढरी पडून बाग हातची जाईल!"

"जाऊ दे की."

"आवं, पोरीला पुढच्या वर्षी बसवा!"

"पुढच्या वर्षाला बी पंचेचाळिसावा दिस असतूयच की," तात्या म्हणाले. मी कॅलेंडर गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

घरी प्रियांकानंही तेच सांगून पाहिलं. "मामा, अभ्यास झाला नाही. पुढच्या वर्षी देते." तात्या म्हणाले, "आभ्यास तुझा, छाटणी माजी. माज्या कामात बोलायचं न्हाई." औंधहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा रागानं फोन आला, तर तात्या बोलता बोलता फोन खिशात घालून बागेत निघून गेले. आक्का खिशात अर्धा तास बोलत होत्या म्हणे.

गणपतीचं विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी कात्री लागली. गाव हसलं. आणि मी म्हटलं होतं तसंच झालं, आठ दिवस पाऊस धरून बसला. तात्या पहाटे फवारा, संध्याकाळी फवारा, चिखलात ट्रॅक्टर रुतला की खांद्यावर पंप. वरची बाग वाचली. खालचा एकराचा प्लॉट गेला तो गेलाच. दुकानात आले, माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तिला बोललास तर बघ. खाली साप निघालाय, जायचं न्हाई, असं सांगितलंय मी."

चार दिवसांनी प्रियांका औषध न्यायला आली. "काका, खालच्या प्लॉटला काय झालंय?" माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. पण म्हटलं, "नाग आहे. मोठा आहे. जाऊ नकोस." तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं, पिशवी उचलली आणि गेली. त्या दिवसापासनं तिच्या खोलीतला दिवा पहाटे चारला लागायला लागला.

दोन्ही डिपा झाल्या. परीक्षेच्या रविवारी माझा पुतण्या तिला मोटारीनं सांगलीला घेऊन गेला. म्हटलं, तात्या एकटे जिवाला घोर लावून बसले असतील, जरा जाऊन बसावं. घरी गेलो तर दार उघडं आणि आत जळका वास. स्वयंपाकघरात तात्या परातीपुढं मांडी घालून बसलेले. कोपरापर्यंत पीठ, मिशीला पीठ, आणि शेजारी थाळीत सात-आठ भाकऱ्या. भाकऱ्या म्हणायच्या म्हणून म्हणायच्या. एकीचा आकार दुसरीला नव्हता.

"आवं, हे काय? प्रियांका करून गेली न्हाई?"

"गेली की. डब्यात हाय." त्यांनी तव्यावरची उलटली, ती मोडली. "ती आभ्यासाला बसली की महिनाभर चोरून शिकतोय."

"पण कशाला?"

तात्यांनी मोडलेले दोन तुकडे तव्यावर नीट जुळवून ठेवले. "आक्का म्हणाली, परीक्षा देऊ दे, नंबर बी लागू दे, पोरगी लांबच्या कॉलेजला जायची न्हाई. सासऱ्याला उपाशी टाकून कशी जाईल? आन् ते खरं हाय, बाळू. डीप सोडून गेली न्हाई ती. मला सोडून कशी जाईल? पुन्ना पोटात दुखतंय म्हणंल." त्यांनी तवा जरा सारखा केला. "म्हणून शिकतोय. नंबर लागला की तिच्यापुढं भाकरी ठेवायची, म्हणायचं, जा."

तोंड लपवायला मी थाळीतला एक तुकडा तोडून तोंडात घातला. कडेला करपलेली, मधे कच्ची. "झकास झालीय, तात्या."

"खोटं बोलू नगंस. मधी कच्ची हाय." त्यांनी परातीत नवा गोळा ओढला आणि तळहातानं थापायला घेतला. "कॉलेज जूनमधी हाय. तवर फुगती."