आधी तुमी सोडा!

तिसगावच्या बाजारात आप्पासाहेब बोलायला लागले की भाव ओरडणारे कांदेवालेसुद्धा गप्प व्हायचे. त्या दिवशी तर त्यांनी चहाच्या टपरीवर जाहीरच करून टाकलं, "आमचा बन्सी शेतकी कॉलेजात चालला! उद्या सायेब हून जीपमदनं येईल, तुमच्या बांधावर हुबा ऱ्हाईल आन बाजरी कशी पेरायची ते तुमाला शिकवंल!"

ह्या बोलण्यामागं एक जुनं दुखणं होतं. कडक इस्त्रीची पँट घातलेला एक शेतकी अधिकारी मागं कधीतरी जीपमधून उतरला होता आणि जन्मभर बाजरी पिकवलेल्या आप्पासाहेबांना पेरणीची पाभर कशी धरायची ते सांगून गेला होता. बाजरी काय, ती कशीही येते. पण तो अपमान काही पचेना. त्या जीपमध्ये आपलं पोरगं बसल्याशिवाय आप्पासाहेबांना चैन नव्हती. बन्सीलाही बी-बियाण्याचं, किडामुंगीचं खरंच वेड. इंटर सायन्स चांगल्या मार्कांनी पास होऊन पोरगं मुलाखत देऊन आलं होतं, आणि आता निकाल आणायला गेलं होतं.

संध्याकाळच्या एस.टी.तून बन्सी उतरला तो तोंड पाडूनच.

"काय रं? घेतलं का?"

"न्हाई."

"न्हाई घेतलं?"

"तसंबी न्हाई. थांबा म्हनले. थांबनाऱ्यांच्या यादीत माजा पयला नंबर हाय."

"मंग पयला आलास की लेका! तोंड कशाला पाडतूस?"

"आप्पा, न घेतलेल्यांत पयला! कुनी जागा सोडली तर मला. महिना सरला की यादी बंद. मंग हे साल गेलंच."

आप्पासाहेबांची बायको चांगुणाबाई चुलीपुढून म्हणाली, "नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालून ठिवलंय न्हवं? तितंच शिकूद्या की पोराला."

"बी.एस्सी.वाल्याला जीप देत्यात व्हय?" आप्पासाहेब कडाडले.

मग मात्र ते विचारात पडले, आणि एकदम मांडीवर थाप मारून उठले. यादी यादी म्हणजे आहे काय? भावकीच्या विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्याच की! आपली पाळी लवकर हवी असेल तर पुढच्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा, गोड बोलायचं आणि पाळी बदलून घ्यायची. त्यात कॉलेजला काय विचारायचं?

"कोन हाय तुज्या म्होरं?"

"केडगावचा गनी. मुलाखतीला शेजारीच बसला हुता. त्याला जागा मिळाली, पन त्याचं मन इंजिनेरिंगवर हाय."

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब केडगावात हजर! गनी घरी नव्हता, पण त्याचे वडील खाजाभाई दुकानात जळकी पंपमोटार उघडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान्हा खाली ठेवला.

"आप्पासाहेब, आमचं पोरगं झोपेतबी मोटारीच खोलतंय. शेतकीची जागा आत्ता सोडू. पण पुण्याच्या इंजिनेरिंगला तोबी तुमच्या बन्सीवानीच लटकलाय. पयला नंबर! आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या एका पोरानं तिथली जागा धरून ठेवलीय."

"मंग बसलाय काय? चला अकोल्याला!"

पेढ्यांचा पुडा घेऊन दोघं निघाले. अकोल्याला भाताची लावणी चालू होती. त्या पोराची, श्रीमंतची, आई रतनबाई गुडघाभर चिखलातून तशीच वर आली. पाहुण्यांनी नीट टेकायच्या आत चहाही आला.

"सोडायची हो इंजिनेरिंगची जागा!" ती म्हणाली. "श्रीमंतला व्हायचंय गणिताचा मास्तर. आन माझा एकुलता एक लेक, जवळ असलेला बरा. नगरला बी.एस्सी.ला घेतलं तर आजच्या आज पुण्याची जागा सोडून देईल. पन तिथंबी थांबा म्हणाले. पयला नंबर हाय. कोन एक मेला जागा अडवून बसलाय!"

"शिकत असंल बिचारा," खाजाभाई म्हणाले.

"कसला शिकतोय! त्याला तिथं शिकायचंच न्हाई. डोळा भलतीकडंच. तिकडं जमलं तर जायाचं, न्हाईतर ही हाईच, असा कावा!"

आप्पासाहेबांचा पारा सर्रकन चढला. कपातला चहा बशीत आला.

"आसली मानसं हायती म्हनून देश मागं ऱ्हायलाय बघा! स्वता खाईनात, दुसऱ्याला देईनात! बाई, तुमी काळजी करू नगा. त्या पोराला न्हाई, त्याच्या बापाला धरला पायजे! ल्हानपनी दोन रट्टे दिले असते तर ही येळ आली नसती. गाव सांगा फकस्त. उद्याच जातो न् त्याला सरळ करतो!"

"तिसगाव."

खाजाभाईंना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. आप्पासाहेबांनी बशी तोंडाला लावली ती बराच वेळ काढलीच नाही.

शेवटी बशी खाली आली. मग लागली जी घासाघीस!

"आप्पासाहेब, आधी तुमी सोडा!" रतनबाई म्हणाली.

"वा! म्हंजी हातचीबी गेली तर? खाजाभाई, आधी तुमी!"

"रतनबाईंनी सोडल्याबिगर मी कशी सोडू?"

"आन ह्यांनी सोडल्याबिगर मी?"

तिघंही गोल गोल फिरून पुन्हा तिथंच. अखेर ठरलं की येत्या सोमवारी सकाळी, कचेऱ्या उघडल्या की तिघांनी एकदमच जागा सोडायच्या. आप्पासाहेबांनी कानिफनाथाची शपथ घेतली, खाजाभाईंनी इमानाची, आणि रतनबाईनं हातातल्या भाताच्या रोपाची. पेढे खाऊन सगळे हसत पांगले.

पण रविवार उजाडला तसे आप्पासाहेब अंगणात येरझारा घालू लागले. खाजाभाईनं ऐन वेळी सोडलीच नाही तर? त्यात चांगुणाबाई जाता-येता म्हणत होती, "हातचं सोडून पळत्यापाठी लागनार तुमी!"

त्यांनी बन्सीला जवळ बोलावलं. "हे बघ, तू नगरच्या कॉलेजात जाऊन बस. पन माजा निरोप आल्याबिगर कागद द्यायचा न्हाई. मी आदी तिकडं शेतकी कॉलेजात जाऊन बघतो, खाजाभाई सोडतोय का."

"निरोप आननार कोन, आप्पा?"

"येईल कुनीतरी! उगी फाटे फोडू नगस!"

सोमवारी सकाळी आप्पासाहेब शेतकी कॉलेजच्या कचेरीसमोर लिंबाच्या झाडाआड उभे. नजर सारखी वाटेवर, खाजाभाईंची मेंदीची लाल दाढी शोधत. मध्येच एक शिडशिडीत पोरगं आलं आणि म्हणालं, "काका, जरा वाट द्या."

"दिसत न्हाई व्हय, मी हितं कामात हाय?" आप्पासाहेब खेकसले. पोरगं अंग चोरून खिडकीशी गेलं, कसलासा कागद देऊन आलं. कचेरी बंद झाली तरी लाल दाढीचा पत्ता नव्हता!

परतीच्या एस.टी.त नेमकं तेच पोरगं शेजारी आलं. आप्पासाहेबांना कुणीतरी ऐकणारा हवाच होता. नगर येईपर्यंत त्यांनी खाजाभाईंचं सगळं काढलं. माणूस दगलबाज, दाढी फसवी, शपथ खोटी, आणि जळक्या मोटारीसुद्धा तो स्वतःच जाळत असणार! पोरगं दोनदा "काका, मी..." म्हणालं, दोन्ही वेळा आप्पासाहेबांनी त्याला "थांब, ऐक आदी!" म्हणून गप्प केलं.

नगरच्या स्टँडवर उतरतात तोच समोर रतनबाई! पदर खोचलेला, डोळे लाल.

"सकाळधरनं कॉलेजात बसले व्हते! कुठं व्हता तुमी? ह्याला शपथ म्हनत्यात?"

एवढ्यात पुण्याची गाडी आली आणि तिच्यातून लाल दाढी उतरली. "रतनबाई! मी पुण्याच्या कॉलेजात वाट बघून बघून वाळलो! तुमी आला न्हाई, म्हणून आप्पासाहेबांना गाठायला तडक हितवर आलो!"

"आन शेतकी कॉलेजात तुमी कुठं हुता?" आप्पासाहेब गरजले.

"मी पुण्यात होतो न्हवं का! ह्या बाई जागा सोडत्यात का बघायला!"

"मी हितं व्हते! ह्यांना बघायला!"

"आन मी तिकडं, तुमाला..." बोलता बोलता आप्पासाहेबांचा आवाज आपोआप खाली आला.

"अब्बा," आप्पासाहेबांची पिशवी धरून उभं असलेलं शिडशिडीत पोरगं म्हणालं, "मी सकाळीच जागा सोडली. ह्या काकांच्या शेजारून जाऊनच कागद दिला. तिथं लगेच बन्सीचं नाव वर घेतलं. मी सांगत होतो, पण काका बोलूच देईनात."

आप्पासाहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! तेवढ्यात पुण्याच्याच गाडीतून, अगदी मागच्या बाकावरून, श्रीमंतही उतरला. त्यानंही सकाळीच कागद देऊन टाकला होता. खाजाभाई रतनबाईला शोधत होते. पोराकडे लक्ष देतंय कोण!

"सोडली!" स्टँडच्या दुसऱ्या टोकाकडून बन्सी पळत आला. "आप्पा, कचेरी उघडली तशी सोडली!"

"पन माजा निरोप?"

"आला न्हाई. पन तुमी शब्द दिला हुता न्हवं?"

मग रतनबाईला जे हसू फुटलं! खाजाभाईंनी आप्पासाहेबांना मिठी मारली, आप्पासाहेबांनी गनीला उचलूनच घेतलं आणि भर स्टँडवर पेढे वाटले. एका कंडक्टरनं तर दोनदा हात पुढं केला!

तिसगावच्या गाडीत बसल्यावर बन्सीनं साधंच विचारलं, "पन आप्पा, तुमी आज कुठं गेल्ता?"

"मी?" आप्पासाहेब पिशवीची गाठ सोडू लागले. "तुजं हॉस्टेल बघाया गेल्तो! पोराला ऱ्हायाला कसं हाय, बघाया नगं?"

"आसं? कसं हाय?"

"झ्याक! चिरेबंदी!"

"खिडक्या?"

"दोन दोन! वारं कसं भनाना!"

बन्सी विचारत गेला आणि आप्पासाहेब बांधत गेले. करंजीचा घाट येईपर्यंत हॉस्टेलला दुसरा मजला चढला, मागं आमराई लागली, आणि दर रविवारी शिरापुरीचा बेत सुरू झाला. शेजारचे उतारूसुद्धा कान देऊन ऐकत होते.

"आप्पा," बन्सी हळूच म्हणाला, "मुलाखतीला गेल्तो तवा मी फिरून बघितलंय. तितं हॉस्टेल अजून न्हाईच. नुसता पाया खनलाय."

आप्पासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"व्हय," ते म्हणाले, "पन पाया लई भक्कम हाय!"