सासूबाईंचा ताप, प्लास्टिकच्या मापात

जावईबापूंचं प्लास्टिक गेला महिनाभर घरातच वितळत होतं. घाबरू नका, लॅपटॉपवर! लेसरचा झोत सोडून प्लास्टिकचे दोन तुकडे एकजीव करायचे, तर सांध्यापाशी उष्णता किती होईल याचं गणित कॉम्प्युटरवर आधीच मांडून ठेवायचं, ही त्यांची नोकरी. कॉम्प्युटर म्हणे सांधा झकास, आणि कारखान्यात नेमका त्याचा कोळसा होई. त्यामुळे स्वारी जेवतानासुद्धा आकडेच पुटपुटत असे.

ही रडकथा मन लावून ऐकणारं माणूस घरात एकच, सासूबाई. ऐकण्याचा मोबदला म्हणून त्या गुपचूप एक चॉकलेट घेत. त्यांना साखरेचा त्रास होता. "आई, पुन्हा साखर वाढली ना, तर घरात गोडाचा कणसुद्धा ठेवणार नाही," असा दम लेकीने परगावी कामाला जाताना भरला होता. लेक बोलल्याप्रमाणे करणारी होती, हीच तर पंचाईत.

आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना कणकण आली. जावईबापूंनी थर्मामीटर लावला. अडतीस सेल्सिअस. तेवढ्यात बायकोचा फोन.

"आईचं किती आलं?"

जावईबापूंचे डोळे स्क्रीनवर. तिथे सगळा कारभार केल्विनमध्ये. या केल्विनचं शून्य बर्फाच्याही पार खाली, पाताळात. त्यामुळे आपल्या साध्या आकड्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवावे लागतात. सवयीने त्यांनी ते मिळवले.

"तीनशे अकरा."

"काय? अरे देवा! आणि तू काय करतोयस?"

"आइस्क्रीम दिलं. तोंडाला चव नाही म्हणाल्या."

"तीनशे अकरा असताना आइस्क्रीम?"

"अगं, घाबरतेस कशाला? चारशे तीसच्या पुढे गेल्याशिवाय काही वितळत नाही."

फोन बंद झाला. बायको समजूतदार आहे, असं म्हणत जावईबापू पुन्हा कामाला लागले.

थोड्याच वेळात दारावर थापा पडल्या. लेकीने फोन करून शेजारीणबाईंना पिटाळलं होतं. त्यांनी आल्या आल्या साखरेचा डबा काखोटीला मारला, जॅम जप्त केला आणि शेवटी सासूबाईंच्या उशीखालून चॉकलेटांची पिशवी ओढून काढली.

"कमाल आहे बाई तुमची! तीनशे अकरा साखर घेऊन खुशाल लोळताय?"

"कोणाची साखर?" सासूबाई उठूनच बसल्या.

मागोमाग लेकीनेच बोलावलेले डॉक्टर हजर. तेव्हा कुठे जावईबापूंच्या डोक्यात प्रकाश पडला. कानकोंडे होऊन त्यांनी सगळी हकिकत सांगितली. "म्हणजे ताप अडतीसच आहे हो, केल्विनमध्ये तीनशे अकरा." डॉक्टर पोट धरून हसले. शेजारीणबाईंनी डबा मुकाट्याने जागेवर ठेवला. सासूबाईंना तर एकदम हुशारीच आली.

"गुणाचे आहेत हो आमचे जावई. फक्त मला प्लास्टिकच्या मापाने मोजतात."

"आता आलोच आहे," डॉक्टर बॅग उघडत म्हणाले, "तर साखरही बघून घेऊ. बोट द्या."

सासूबाईंचा हात पांघरुणात गेला. "बोटात कसला आलाय ताप?" पण डॉक्टर कुठले ऐकतात! रक्ताचा थेंब पट्टीवर गेला आणि मशीनवर आकडा उमटला. तीनशे नऊ.

"फक्त दोनाचा फरक!" जावईबापू आनंदाने ओरडले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. त्यांचं उत्तर आजवर इतकं कधी जुळलंच नव्हतं. सासूबाईंचा चेहरा मात्र एवढासा झाला होता. ते पाहून जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण चॉकलेटं त्यांनीच तर आणून दिली होती.

डॉक्टर गोळ्या लिहून देऊ लागले आणि फोन वाजला. लेक! जावईबापूंचा हात काही पुढे होईना. अखेर सासूबाईंनीच फोन उचलला.

"अगं, काही नाही, नुसता ताप. तुझ्या नवऱ्याने केल्विनमध्ये सांगितला आणि तू गावभर केलंस."

"हुश्श! जीव भांड्यात पडला. आणि साखर बघितली का?"

"बघितली ना." सासूबाईंनी घसा खाकरला. "तीनशे नऊ. पण घाबरू नकोस हं, तीही केल्विनमध्येच आहे."