हेडलाइटसाठी बैलजोडी

गाडीच्या उजव्या हेडलाइटमध्ये शिरलेलं पाणी आपणच काढायचं, असं मी एका मंगळवारी ठरवलं. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले. बाकी जे येतं ते मासे गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांतून आणि नवऱ्याला चुकताना बघून शिकले. (तो बराच चुकायचा, त्यामुळे माझं शिक्षण भरपूर झालं.) त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मागे राहिली ही निळी गाडी, आणि राजधानीत, सान्तियागोला, चौदाव्या मजल्यावर राहणारा मुलगा, रामिरो.

गाडीची वार्षिक तपासणी शुक्रवारी होती. रामिरोने फोनवर बजावून ठेवलं होतं की यंदा ती नापास झाली तर विकून टाकायची आणि मी बेट सोडून त्याच्याकडे राहायला जायचं. चौदाव्या मजल्यावर कोंबड्या पाळता येत नाहीत आणि भांडायला शेजारी ओळखीचे नसतात. आणि इकडे काचेच्या आत वाफ धरलेली, थेंब ओघळताहेत.

दिवा काढायला माझे दोन हात पुरेनात. शेजारच्या बेलार्मिनोला, म्हणजे होड्या बांधणाऱ्या सुताराला, नुसती हाक मारली असती तरी भागलं असतं. पण मी कुणाचे उपकार घेत नाही. म्हणून मी मिंगा बोलावली. आमच्या चिलोए बेटावर मिंगा बोलावली की शेजाऱ्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी मिळून काम उरकायचं, आपण त्यांना तट्ट फुगेस्तोवर जेवू घालायचं. मिंगेत लोकांनी अख्खी घरं टेकडीपलीकडे ओढत नेली आहेत. हेडलाइटसाठी मिंगा घालणारी मी पहिलीच असेन.

नऊ माणसं आली. बेलार्मिनो तर बैलजोडी घेऊन आला.

"घर कुठे हलवायचंय, एडेल्मिराबाई?"

"घर नाही. दिवा."

"कुठे न्यायचा?"

"स्वयंपाकघरात."

त्याने बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग यांना आता काय सांगू?"

काम चार स्क्रूंचं निघालं. बेलार्मिनोने दिवा उतरवला, बाकी आठ जणांनी सल्ले दिले. आमच्याकडे ओलं झालेलं काहीही, मोजे असोत, जाळी असोत, एकदा तर पाद्रीबाबांचा झगासुद्धा, चुलीवरच्या तारेला टांगतात. दिवाही टांगला. मग डुकराचं मटण आणि बटाट्याच्या भाकऱ्या. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात खुर्च्या कमी पडल्या, एक जण तर पालथ्या बादलीवर बसला. कुणी "निघतो" म्हटलं की मी चुलीत आणखी दोन लाकडं सारायचे. (थंडी होती म्हणून.)

शेवटचा माणूस गेला तेव्हा मी वर पाहिलं. धगीने प्लास्टिक वितळून दिवा बाजूच्या मोज्यासारखा लोंबत होता. पाणी मात्र सगळं गेलं होतं, हे कबूल करायला हवं.

बेलार्मिनोने एका भंगारातल्या गाडीचा तसाच दिवा शोधून आणला आणि गुरुवारी बसवला. शुक्रवारी तपासणी करणाऱ्या पोरीने गाडी पास केली. तेव्हा गप्प घरी यायचं, तर नाही. मी तिला पाण्याची सगळी कथा ऐकवली.

"एवढीशी वाफ चालते, आजी," ती म्हणाली. "दिवे लावून पंधरा मिनिटं गाडी फिरवली की आपोआप जाते. तुम्ही दिवे लावतच नाही का?"

"अंधार पडल्यावर मला जायचंय कुठे?"

हे मला ठणकावून म्हणायचं होतं. आवाज तसा निघाला नाही. पोरगी मान खाली घालून बराच वेळ एकाच कागदावर शिक्के मारत राहिली.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी दिवे लावून धक्क्यापर्यंत जाते आणि परत येते. येऊन कधीकधी दिवे बंद करायला विसरते. वयच झालं. मग सकाळी बॅटरी उतरलेली असते आणि बेलार्मिनोला वायरी घेऊन यावं लागतं.

आज गाडी सुरू करून त्याने वायरी गुंडाळल्या. "आठवड्यात तिसऱ्यांदा, बाई. चहाला नुसती हाक मारलीत तरी येईन मी. त्या बॅटरीचा जीव कशाला घेता?"

मी त्याला स्पष्ट सांगितलं की बॅटरी जुनी आहे, आणि मी कुणाचे उपकार घेत नाही.

त्याने मान हलवली आणि माझ्या खांद्यावरून खिडकीतून आत पाहिलं. टेबलावर दोन कप मांडलेले होते.