खारट बशी

टक्. बाबांनी वाटीवर चमचा आपटला आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता मोडली.

"अळणी," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा."

"मग त्यांनाच वाढ."

तिला हसू आलं नाही. हल्ली डायलिसिसहून आले की बाबांना हुडहुडी भरायची, ताप चढायचा. त्याच रुग्णालयाच्या लॅबमध्ये ती जंतू तपासायची. डायलिसिसच्या यंत्रात जाणारं क्षारांचं पाणीही तीच बशीतल्या खाद्यावर पसरून तपासायची, जंतू असले तर तिथं वाढून दिसावेत म्हणून; आणि दर वेळी बशी कोरी निघायची. "म्हाताऱ्यांच्या मनाचे खेळ," मोठे डॉक्टर म्हणाले होते. बाबा मात्र वाळत चालले होते.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये बश्यांत ओतायचं जंतूंचं खाद्य शिजवत होती. मीठ घातलं, तोच लेकीचा फोन.

"आई, आजोबा मीठ मागतायत. देऊ?"

"नको."

फोन ठेवला, मीठ घातलं. पुन्हा फोन.

"चिमूटभरच म्हणतायत."

"नाही म्हणजे नाही."

ठेवला, घातलं. मग खुद्द बाबाच बोलले, "डबा कुठं लपवलायस, तेवढं सांग."

त्यांची समजूत काढता काढता तिनं आणखी घातलं. बरणीचा तळ दिसला तेव्हा ती भानावर आली. पण नव्यानं शिजवायला खाद्यच उरलं नव्हतं. तिनं गुपचूप बश्या ओतल्या आणि त्यांवर डायलिसिसचं पाणी पसरलं.

दोन दिवसांनी पाहिलं, तर या वेळी बश्या जंतूंच्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेल्या होत्या.

"काय घातलंस यात?" लॅबच्या मुख्य मॅडमनी विचारलं.

"मीठ. जरा जास्त पडलं."

"जरा?"

मॅडमनी पुन्हा करून पाहिलं. साधी बशी कोरी, खारट बशी भरलेली. "मिठावर जगणारे आहेत गं हे. आपण त्यांना पथ्याचं वाढत होतो."

डायलिसिसचा विभाग धुण्यासाठी बंद झाला. लॅबमध्ये तिचं कौतुक झालं, पण बाहेर बाकांवरचे रुग्ण तिच्याकडे बघून कुजबुजले, "हिनंच बंद पाडलं." सगळ्यांना डायलिसिससाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. बाबांनाही.

ते परतले तेव्हा थकून गेले होते, पण अंग गार होतं. "मला मीठ बंद, आणि त्यांची मेजवानी," एवढं पुटपुटून ते झोपले.

लेक त्यांचे पाय चेपत बसली.

"आई, ते जंतू मेले?"

"मेले."

"सगळे?"

"सगळे." ती बाबांच्या अंगावरचं पांघरूण नीट करत राहिली.

"मग आता आजोबांना यंत्राकडे कशाला जायचं?"