दौलतअण्णांचं मखर

दौलतअण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले ते शेजारचा प्लॉट घेतल्यावर ओळख करून द्यायला. पाणी प्यायले, नाव-गाव सांगितलं, आणि मग सदऱ्याच्या खिशातून एक उदबत्ती काढून पेटवली. माझी बायको सुनंदा कौतुकानं म्हणाली, "देवघर आत आहे हं." पण अण्णा देवघराकडे गेलेच नाहीत. ते थेट हॉलच्या खिडकीपाशी गेले आणि चौकटीच्या कडेकडेनं उदबत्ती फिरवू लागले. आधी डावी कड, मग वरची, मग उजवी. खिडकीला ओवाळणारा माणूस आम्ही दोघांनीही पूर्वी पाहिला नव्हता.

एका कोपऱ्यात धूर एकदम वाकडा झाला आणि बाहेर ओढला गेला. अण्णांचा चेहरा उजळला.

"फट!" ते म्हणाले. "मास्तर, तुमच्या घराला फट हाय."

"घर म्हटलं की फट असायचीच," मी म्हणालो.

"हीच तर बोंब हाय. माणूस हातभर जाडीची भिंत बांधतो अन् बोटभर फट ठेवतो. मग चैत्र लागला की म्हणतो, लय उकडतं. उकडणारच! फट तिथं घात."

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. गंगापूर रोडच्या आत तेव्हा नव्या कॉलन्या होत होत्या. मी शाळेत भूगोल शिकवायचो. अण्णा मूळचे देवळ्याकडचे. उभा जन्म कोल्ड स्टोरेजमध्ये गेलेला; आधी बटाट्याच्या, मग द्राक्षांच्या. मशीन चालवणं, आतली थंडी राखणं हे त्यांचं काम. बाहेर ऊन मी म्हणत असताना आत द्राक्षं स्वेटर घालायच्या थंडीत बसलेली असत, आणि ह्या चमत्काराचं श्रेय अण्णा मशीनला कधीच देत नसत. ते देत भिंतीला. दोन पातळ बोर्ड आणि मध्ये चार बोटं जाडीचं थर्माकोल चिकटवलेलं, असं ते पॅनेल. "मशीन गारवा करतं. राखते ती भिंत," असं ते म्हणायचे आणि रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की द्राक्षांनी उपभोगलं ते सुख आता माणसानं उपभोगायचं. घर बांधायचं ते असल्याच पॅनेलचं. वीट नाही, कॉलम नाही, स्लॅब नाही. बाहेरून सिमेंटचे बोर्ड, पोटात थर्माकोल.

ह्या पॅनेलचा वीतभर तुकडा ते कापडी पिशवीतून घेऊन हिंडत. भाजी आणायला गेले तरी तुकडा बरोबर. मेथी घेता घेता भाजीवालीच्या हातात देत. "बघ मावशी, किती हलकं हाय! अन् गोधडीसारखं. भिंत म्हणजे काय? घराची गोधडी." त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लोक नातवंडांचे फोटो घेऊन फिरतात. आमचे हे भिंत घेऊन फिरतात."

नकाशा दाखल करायला गेले तेव्हा तिथल्या क्लार्कनं म्हणे तुकडा उलटसुलट करून विचारलं, "हे बांधकामात धरायचं की फर्निचरमध्ये?"

कॉलनीला मात्र असला प्रश्न पडला नाही. थर्माकोल म्हटल्यावर आपल्याकडे एकच गोष्ट आठवते. आठ दिवसांत त्या न बांधलेल्या घराचं नाव 'मखर' पडलं. ज्याला त्याला अण्णांना गाठून विचारायची हौस, "काय अण्णा, मूर्ती कधी बसवताय?" कोणी विचारी, "विसर्जन दीड दिवसाचं की दहा?" अण्णा रागावत नसत. "हसा," म्हणत. "मे महिन्यात माझ्याच दारी येणार तुम्ही."

सगळ्यात जास्त हसत ते भामरे कॉन्ट्रॅक्टर. कॉलनीतले निम्मे बंगले त्यांनी बांधलेले. स्वतःही एखाद्या कॉलमसारखेच, वरपासून खालपर्यंत सारखे रुंद. एका रविवारी अण्णांनी त्यांना प्लॉटवर बोलावलं. दोन बाजूंना विटांचे ढीग, त्यावर आडवं टाकलेलं पॅनेल. "या भामरेसाहेब, उभे राहा मधोमध."

भामरे उभे राहिले. पॅनेल वाकलं नाही. अण्णांनी मला चढवलं. मग दूधवाल्याला, त्याच्या भरल्या किटल्यांसकट. पॅनेल ढिम्म.

"आत लोखंड घातलंय," भामरे वरूनच म्हणाले.

अण्णांनी आम्हाला उतरवलं, करवत घेतली आणि ते अखंड पॅनेल सगळ्यांदेखत मधोमध कापलं. आत पांढरंशुभ्र थर्माकोल. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि त्याचे दाणे उडून भामऱ्यांच्या काळ्या सफारीला जे चिकटले ते झटकता झटकेनात. साबुदाण्यात लोळून आल्यासारखे भामरे घरी गेले. तेव्हापासून ते 'मखर' म्हणायचे बंद झाले. नुसतं 'ते' म्हणू लागले.

घर उभं राहिलं तेही असंच बघत राहावं असं. पाया भरून झाल्यावर पॅनेलांनी भरलेला ट्रक आला. चार माणसं एकेक भिंत उचलून आणत आणि उभी करत. सोमवारी मी शाळेत गेलो तेव्हा नुसता पाया होता आणि गुरुवारी शाळेतून परत आलो तेव्हा घराला छप्पर होतं. अण्णा हातात फटी बुजवायच्या फोमची नळी घेऊन सांध्यासांध्यातून फिरत होते. छपराचा स्क्रू भिंतीत, भिंतीचा बोल्ट पायात, असं त्यांनी सगळं एकमेकांत अडकवलं होतं. गरजेपेक्षा दुप्पट बोल्ट होते.

"एवढे कशाला?" मी विचारलं.

"वाऱ्याला. चक्रीवादळ आलं तरी छप्पर उचललं नाय पाहिजे."

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. "अण्णा, चक्रीवादळ समुद्रावर होतं. नाशिकपर्यंत येता येता त्याचा जीव जातो."

"तुम्ही भूगोल मुलांना शिकवता का वाऱ्याला?" अण्णा म्हणाले. त्या वेळी मला हा नुसता विनोद वाटला.

वास्तुशांतीला सगळी कॉलनी आली. होम पेटला, गुरुजींनी समिधा घातल्या आणि धूर झाला. तो झाला तो झालाच. कारण त्याला जायला जागाच नव्हती. हवा खेळती राहावी म्हणून अण्णांनी भिंतीत वर पाइप बसवलेले होते, पण 'आज घराची परीक्षा' म्हणून सकाळीच बोळे कोंबून बंद केले होते. खिडक्याही घट्ट. दहा मिनिटांत गुरुजी मंत्र म्हणतायत की खोकतायत हे कळेना. सुवासिनींच्या डोळ्यांतून धारा. एक म्हातारे गृहस्थ भिंत चाचपत दार शोधत होते. आणि त्या धुरात कुठूनतरी अण्णांचा हर्षभरित आवाज येत होता, "बघा! धूरसुद्धा बाहेर जात नाय! एक फट नाय घराला!"

"आता एक फट मी पाडते!" वहिनी कडाडल्या आणि त्यांनी धाडकन दार उघडलं. आम्ही सगळे अंगणात येऊन पडलो. गुरुजींनी उरलेला होम बाहेरूनच, पळी लांब करून उरकला.

पण अण्णांचं भाकीत खरं ठरलं. एप्रिल तापला आणि कॉलनीच्या स्लॅबा तव्यासारख्या झाल्या. अण्णांच्या घरात मात्र नुसत्या पंख्यावर अंगावर चादर घ्यावी असा गारवा. लोक निमित्तं काढून येऊ लागले. कोणी विरजण मागायला यायचं आणि दोन तास बसायचं. मी तर वार्षिक परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन रोज दुपारी त्यांच्या हॉलमध्येच मुक्काम टाकला. एकदा खुद्द भामरे आले. "हे... जरा बघायला आलो," म्हणाले, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या घोरू लागले. अण्णांनी हलक्या हातानं त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि मला खूण केली: बोलू नका.

एवढ्या पाहुण्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मागच्या अंगणाकडे उघडणारी एक खोली होती. स्वतंत्र दार, दाराशी मातीची चूल, आत एक नवी बाज. तिथे अण्णा कोणालाच बसू देत नसत. विचारलं की म्हणत, "स्टोर रूम हाय." स्टोर रूममध्ये बाज कशाला, हे मी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. मी पेपर तपासत होतो. एकाएकी बाहेर पिवळा अंधार झाला आणि वारा सुटला. साधा नव्हे. खिडकीतून समोरचा गुलमोहर कमरेत वाकलेला दिसत होता. भामऱ्यांच्या गच्चीवरच्या शेडचा पत्रा सुटला, हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये जाऊन आदळला. आमच्या भोवती मात्र नुसती घुमल्यासारखी कुजबुज. छप्पर करकरलंसुद्धा नाही.

मी उत्साहानं उठलो. "अण्णा, जिंकलात! आता बोलवा एकेकाला!"

अण्णा खिडकीपाशी उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी काय म्हणालो ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. वारा जरा पडल्यावर त्यांनी फोन उचलला आणि गावच्या किराणा दुकानाचा नंबर फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी रिसीव्हर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि "देवळ्याला जातो," एवढंच म्हणून पावसात बाहेर पडले. छत्री घेऊन मागे धावलेल्या वहिनी फाटकातून परत आल्या.

"आक्कांसाठी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. अण्णा सहा वर्षांचे असताना आई गेली. बारा वर्षांच्या बहिणीनं, आक्कांनी, त्यांना वाढवलं. मळ्यात पत्र्याचं घर. वादळ आलं की आक्का भावाला बाजेखाली घालायच्या, आढ्याला बांधलेला दोर दोन्ही हातांना गुंडाळायच्या आणि छप्पर उडू नये म्हणून त्याला लोंबकळून राहायच्या. वारा थांबेपर्यंत. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, त्या परत मळ्यातच आल्या आणि एकट्या राहिल्या. अण्णांनी नाशिकला चला म्हणून किती वेळा विनवलं. त्यांचं उत्तर एकच: "मी आले तर पत्रा कोण धरणार?"

"लोकांना वाटतं, ह्यांना गारव्याचं वेड आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी घर बांधलं ते आक्कांसाठी. अन् आक्कांना तसं सांगायची हिंमत नाही. त्या म्हणतील, माझ्यापायी खर्च केलास."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षा थांबली. अण्णांनी हात धरून एका उंच, वाळलेल्या म्हातारीला उतरवलं. पत्रे सगळे गेले होते. धरायला काही उरलंच नव्हतं, म्हणून त्या आल्या. दोन्ही तळव्यांना हळदीची फडकी बांधलेली. त्यांनी भिंतीवर कोपरानं टकटक केलं, नाक मुरडलं आणि भावाला आपल्या अहिराणीत विचारलं, "हाई घर कागदनं शे का रे?"

घराला कागदाचं म्हटल्यावर अण्णांनी एरवी अर्धा तास भाषण दिलं असतं. ते नुसते हसले आणि म्हणाले, "हो आक्का."

पाचेक दिवसांनी दुपारी पुन्हा वारा सुटला. मी निकालपत्रकं भरत बसलो होतो. मागच्या खोलीतून बाज करकरल्याचा आवाज आला. अण्णा उठून धावले, मीही मागे गेलो. आक्का खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. मान वर, डोळे छपरावर, दोन्ही हात काहीतरी शोधत होते.

"दोर कोठे शे?"

"दोर नही आक्का," अण्णा म्हणाले. "दोर लागस नही आठे."

ह्या घरात दोर लागत नाही, हे त्यांना पटेना. मुठी घट्ट वळून त्या तशाच उभ्या राहिल्या. बाहेर झाडं घुसळत होती. अण्णांनी त्यांना खाली बसवलं नाही की समजावलं नाही. त्यांच्याशेजारी उभे राहिले. किती तरी वेळ दोघं भाऊबहीण वर बघत राहिले. छप्पर हललं नाही. मग अण्णांनी बहिणीचा हात हातात घेतला, एकेक बोट हळूच उघडलं, आणि तिला बाजेवर निजवलं.

दहा मिनिटांनी त्या गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात बाजेवरून खाली सुटलेला. बाहेर वारा अजून होताच.

अण्णा उंबऱ्यात बसले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हातानं थांबवलं.

"मास्तर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "वारा चालू असताना ती झोपलेली मी जन्मात पहिल्यांदा बघतोय."

आणि डोळे न पुसता ते तिच्याकडे बघत राहिले.