आधी काळा, मग गंज, मग चिखल

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझा हात फार स्थिर आहे! मांजराच्या मिशीवर दोन रंगांचे पट्टे ओढीन आणि मांजराला पत्ताही लागणार नाही. हे मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. करून मात्र कधी दाखवलं नव्हतं, कारण त्यासाठी रंगवायला बसावं लागतं. आणि बसण्याचं म्हणाल तर, मुहूर्त लागत नव्हता.

माझ्याकडे एक रणगाडा आहे. दचकू नका, तळहातावर मावेल एवढाच आहे, प्लास्टिकचा. भविष्यात कुठल्यातरी परग्रहावर जी घनघोर युद्धं होणार आहेत, त्यातला. आम्ही काही मित्र दर रविवारी एका मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडतो, फासे टाकतो, टेपने अंतरं मोजतो आणि एकमेकांचे ग्रह बेचिराख करतो. सगळे चाळिशी ओलांडलेले. हसू नका, गंभीर खेळ आहे! यातलं सैन्य सुटे भाग चिकटवून ज्याचं त्यानंच जोडायचं आणि ज्याचं त्यानंच रंगवायचं. माझा रणगाडा मी लग्नाआधी जोडला होता. तेव्हापासून तो कपाटावर, बुटांच्या खोक्यात, राखाडी रंगाच्या जन्मजात अवस्थेत पडून होता.

आमच्या टोळीचा म्होरक्या म्हणजे सेनापती. एरवी तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, पण रविवारी सेनापती! त्यानं गेल्या खेपेला सगळ्यांदेखत मला सुनावलं, "पुढच्या रविवारी हा नागडा रणगाडा टेबलावर दिसला ना, तर उचलून खिडकीबाहेर! रंगवून आण, नाहीतर कोपऱ्यात बसून आम्हाला चहा करून घाल."

हे मात्र झोंबलं. घरी आलो, खोकं खाली काढलं, धुळीवर फुंकर मारली. सगळी धूळ माझ्याच चष्म्यावर! चष्मा काढून ठेवला आणि तशाच तिरमिरीत फोन डोळ्यांशी धरून मित्रांच्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं, "उद्या सकाळी टँक रंगवायला घेतोय! फार वर्षं रखडलं हे काम. आता कुणी आडवं आलं तरी माघार नाही!"

फोन टुणटुण वाजायला लागला. धूसर का होईना, अंगठे दिसले. टाळ्या दिसल्या. फुलांचा गुच्छ आला! एकानं तर लिहिलं, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं." मला भरून आलं. या मित्रांना मी इतकी वर्षं उगाच नावं ठेवली!

दुसऱ्या दिवशी सुट्टीच टाकली. बायकोचं मात्र ऑफिस होतं, आणि साधंसुधं नव्हे. बढतीसाठी बड्या साहेबांसमोर उभं राहून बोलायचं होतं. सकाळपासून आरशासमोर तेच चाललं होतं. मग ती डोक्यावरून आंघोळ करायला गेली. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तोंडाला मास्क लावला, तिचा एप्रन बांधला आणि चिमुकल्या बाटल्या ओळीनं मांडल्या. काळा फवारा मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोन टुणकन वाजला. मास्कच्या वाफेनं धुरकटलेल्या चष्म्यातून ग्रुपवरचा प्रश्न कसाबसा वाचला. "कोणता रंग ठरवलाय?"

हात रिकामे नव्हते. कोपरानं माइकचं बटण दाबलं आणि तोंडीच निरोप सोडला, "आधी सगळीकडे काळा. मग गंज. मग चिखल."

पुन्हा टुण. "आतूनसुद्धा?"

"आतून तर जास्तच! गंज असा हवा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. आणि शेवटी पुढच्या बाजूनं ओघळलेलं थोडं रक्त!"

त्यानंतर फोन एकदम गप्प झाला. जाणकार माणसं! मी मनात म्हटलं, दुसऱ्याची कल्पनाशक्ती पाहिली की अशी बोलती बंद होते.

मी फवारा मारला. अर्धा रणगाड्यावर, अर्धा स्वतःच्या हातावर. मग लाल रंगाची बाटली नुसतं झाकण बघायला हलवली, तर झाकण लागलेलंच नव्हतं. एप्रनवर सर्रकन लाल शिंतोडे! आणि त्याच क्षणी न्हाणीघरातून किंकाळी आली.

"पाणी गेलं!"

"येईल!"

"अरे, माझ्या डोक्याला शांपू आहे!"

"येईल म्हटलं ना!"

नळानं आधी सुस्कारा सोडला, मग म्हाताऱ्यासारखा खोकला आणि शेवटी तपकिरी रंगाचा एक थेंब टाकून गतप्राण झाला. बायको टॉवेल आणि गाऊन गुंडाळून बाहेर आली. डोक्यावर फेसाचा एवढा मोठा मनोरा! ती काही बोलणार, इतक्यात दाराची बेल वाजली.

दारात आमच्या इमारतीचे अध्यक्ष. हातात ऑइलपेंटचे दोन डबे. त्यांच्या मागे तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन. तिघांचेही चेहरे पांढरेफटक.

"टँक तयार आहे," अध्यक्ष जपून म्हणाले. "तुम्ही आत कधी उतरताय?"

माझ्या रणगाड्याची कीर्ती इमारतभर पसरली की काय! मी मास्कच्या आत फुशारलो. "आत? मी कसा मावणार हो आत?"

"का? चार माणसं आरामात उभी राहतात!"

"काका, ती चार माणसं नखाएवढी असतात!"

अध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या काळ्या हातांकडे आणि लाल एप्रनकडे पाहिलं. "आणि ते... रक्त?" त्यांनी एप्रनकडे बोट दाखवलं. "रक्त कुणाचं?"

"कुणाचंही चालतं हो," मी दिलखुलासपणे म्हणालो. "समोर जो येईल त्याचं!"

तिघं एकदम एक पायरी खाली उतरले. आजोबांनी बादली ढालीसारखी छातीशी धरली.

तेवढ्यात माझ्या मागून फेसाचा मनोरा पुढे आला. "काका, पाणी तुम्ही बंद केलंत?"

"बंद नाही, सोडून दिलं! पहाटेच माणूस पाठवून गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व उघडला, आत्ता पार रिकामी झाली. यांनीच नाही का लिहिलं, टँक रंगवायला घेतोय म्हणून?" अध्यक्षांनी फोन पुढे केला. "आम्ही इतकी वर्षं मिटिंगमध्ये ओरडतोय, टाकी साफ करा, बाहेरून रंग द्या. कुणी ढुंकून बघेना. हे आपणहून पुढे आले, म्हणून सगळ्या इमारतीनं यांचं कौतुक केलं. आणि आज म्हणतात, आतून गंज लावणार, चिखल लावणार!"

बायकोनं फोन घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग सावकाश माझ्याकडे वळली. कपाळावरून फेसाची एक धार ओघळत तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली.

"हे सगळं तू," ती एकेक शब्द चावून म्हणाली, "बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंयस."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. खरंच सांगतो, सरकली! कानांत भुंगे गुणगुणायला लागले. काल रात्रीच्या टाळ्या, ती फुलं, 'तुमच्यासारखी माणसं', सगळं डोळ्यांसमोरून गेलं.  मी नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं.

तिघंही आत आले. टेबलाभोवती गोल करून उभे राहिले. वर्तमानपत्रावर अर्धा काळा, अर्धा राखाडी रणगाडा केविलवाणा होऊन बसला होता. अध्यक्षांनी डबे खाली ठेवले.

शेवटी आजोबांनी विचारलं, "हा टँक?"

"हो."

"ह्यात पाणी किती मावतं?"

पुढचं फार भराभर घडलं. महापालिकेचं पाणी येणार ते संध्याकाळी. बायकोनं फ्रीजमधल्या बाटल्या काढून डोकं धुतलं. ती जी ओरडली, त्याला किंचाळणं म्हणणं म्हणजे किंचाळण्याचा अपमान आहे! जाताना माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तळमजल्यावर एक पेशंट तोंडात कोरलेल्या दाताची भुकटी घेऊन खुर्चीत आडवा पडला होता आणि त्याला चूळ भरायला पाणी नव्हतं. जिन्यात माणसं जमली. सगळ्यांचा एकच सवाल, "कुठे आहे तो?"

अध्यक्षांनी हात वर करून गलका थांबवला. "हे बघा, टाकी रिकामी आहे. बाहेरून द्यायचा रंग मी आणलाय. आणि आतून घासायला माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल झालेला आहे. मग अडलंय कुठे?"

कुठेच अडलं नाही. माझी वरात गच्चीवर निघाली. अध्यक्षांना गच्चीपर्यंतचा उभा जिना चढवत नाही, म्हणून ते आमच्याच घरी थांबले. "आधी आतून घासून घ्या. रंगाचं नंतर बघू. डबे इथेच असू देत," असं म्हणून त्यांनी पंखा लावला.

टाकीत उतरलो. आत अंधार, खाली घोट्यापर्यंत शेवाळ आणि वर एक चौकोनी भोक. त्या भोकातून आळीपाळीनं एकेक शेजारी डोकावायचा आणि सल्ला द्यायचा. "कोपरा राहिला!" "जोर लावा!" मी काही बोललो की माझाच आवाज चारी भिंतींवर आपटून माझ्याच अंगावर यायचा. घासता घासता ब्रशला काहीतरी टणक लागलं. गाळातून उचललं, उजेडाला धरलं आणि माझ्या हातून ब्रश गळून पडला.

दात होते!

माणसाचे दात! म्हणजे कवळी. गुलाबी हिरड्यांसकट, शेवाळ धरलेली. मी ती भोकातून वर दिली.  हे पाणी सगळी इमारत पीत होती! एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" आजोबा उसळले. "माझे हे बघा! इथेच आहेत!" आणि त्यांनी पुराव्यादाखल दोन्ही ओळी काढून दाखवल्या.

डॉक्टरीणबाईंनी कवळी उलटसुलट करून पाहिली. "वरची आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. आणि लगेच, "माझ्या हातची नाही हं!"

कवळीला वारस मिळाला नाही. पण तेव्हापासून इमारतीत कुणी तोंड मिटून हसलं की बाकीचे त्याच्याकडे संशयानं बघतात.

टाकी लख्ख झाली. दुपार कलताना मी जिना उतरलो. गुडघे, कंबर, खांदे, सगळे वेगवेगळ्या दिशांना निघाले होते. एकच आशा होती, आपण शांतपणे बसू आणि रणगाडा पुरा करू. दार ढकललं.

अध्यक्ष माझ्या खुर्चीत बसले होते. नाकावर चष्मा, हातात माझा ब्रश, जिभेचं टोक बाहेर.

"या!" ते खुशीत म्हणाले. "झालं बघा तुमचं काम! तुमच्या रंगांत काही दम नव्हता हो, नुसते पाणचट. म्हणून आपला टाकीचाच ऑइलपेंट दिला. चांगले तीन हात!"

मी टेबलाकडे पाहिलं. 

रणगाडा क्रीम रंगाचा झाला होता! खालून चॉकलेटी काठ. आमच्या इमारतीच्या भिंतींना आहे, अगदी तस्साच! त्याच्यावरचे खिळे, झडपा, बारीक नक्षी, सगळं त्या दाट रंगाखाली गडप. तोफेचं तोंड बुजलेलं. साबणाच्या वडीला सोंड फुटावी तसा दिसत होता. आणि वरच्या फिरत्या बुरुजावर, वळणदार अक्षरांत, आमच्या फ्लॅटचा नंबर!

मी खाली बसलो. ओरडणार होतो. देवाशपथ ओरडणारच होतो! पण अध्यक्ष त्या रणगाड्याकडे बघत हळूच म्हणाले, "ही गेल्यापासून दुपार खायला उठते हो. आज कधी सरली कळलंच नाही."

"छान झालाय, काका," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी नळाला पाणी आलं आणि बायकोही आली. फ्रीजच्या पाण्यानं तिच्या आवाजाला अशी काही धार आली होती म्हणे की, साहेबांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. बढती मिळाली. माझ्याशी बोलणं मात्र शुक्रवारी सुरू झालं.

रविवारी सेनापतीनं रणगाडा हातात घेतला. फिरवून पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिला. "हे काय आहे?"

"रणगाडा."

"रंगवलेला?"

"रंगवलेला."

नियम म्हणजे नियम. त्याला तो टेबलावर घ्यावाच लागला. परग्रहाच्या उजाड वाळवंटात आमची क्रीम रंगाची सदनिका निघाली आणि पहिल्याच फाशाला उडाली. सगळे इतके हसले की पुठ्ठ्याचा एक डोंगर कोसळला.

घरी परतलो तर अध्यक्ष जिन्यातच उभे. "काय, जिंकलो का आपण?"

आपण!  "थोडक्यात हुकलं, काका."

"हुकणारच!" ते म्हणाले. "एकटा रणगाडा काय करणार बिचारा? बरोबर सैन्य नको?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. जीभ चावायला हवी होती. कवळी असती तर काढून खिशात टाकायला हवी होती! पण दिवसभराच्या हसण्यानं डोकं बधिर झालं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "सैन्य आहे ना, काका. अख्खी पलटण आहे. सगळी बिनरंगाची."

अध्यक्षांचे डोळे लकाकले.

"थांबा," ते म्हणाले, "चॉकलेटीचा डबा अजून अर्धा भरलेला आहे!"